वर्गाची वही

रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रकिनाऱ्यावरच्या एका गावातील माध्यमिक शाळेत, २०१७ सालच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर, आठवीच्या वर्गाने एक वही सुरू केली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. कोपऱ्याला भोक पाडून सुतळीने खिडकीच्या गजाला बांधलेली. गावात, शेतात, पुळणीवर जे काही पाहिले ते वर्गातल्या कोणीही या वहीत लिहायचे, एवढीच सुरुवातीची कल्पना होती. विज्ञानाच्या सरांनी दोन नियम सांगितले होते. रोज किमान एक नोंद झालीच पाहिजे, आणि आठवड्यातून एकदा सर वही तपासतील. दोन्ही नियम चांगल्या हेतूने केलेले होते आणि दोन्ही पुढे अंगाशी आले.

जानेवारी २०१८मध्ये नातेवाइकांकडे गेले असताना मी ही वही पाहिली. मी संशोधन करते हे सरांना माहीत होते, म्हणून त्यांनी कौतुकाने ती माझ्यापुढे ठेवली. वही खरोखर छान होती. आंब्याचा पहिला मोहोर कोणत्या वाडीत दिसला, मुंग्यांनी साखर आधी उचलली की गूळ, रापणीत त्या दिवशी कोणते मासे आले, हे सारे मुलांनी आपल्या भाषेत लिहिले होते. किनाऱ्याजवळच्या वाडीतील चौघांनी आळीपाळीने सूर्यास्ताची वेळ घ्यायचे ठरवले होते. सूर्याचा वरचा काठ समुद्रात बुडाला की घड्याळ पाहायचे. पश्चिमेला मोकळा समुद्र असणे हे खगोलशास्त्राच्या दृष्टीने मोठेच भाग्य आहे. डोंगर नाही, इमारती नाहीत.

२४ नोव्हेंबर, ६.०२. १ डिसेंबर, ६.०२. ८ डिसेंबर, ६.०४. आणि १५ डिसेंबरला एका मुलीने वेळेबरोबर एक वाक्यही लिहिले होते: 'आज ६.०६. सूर्य आता उशिरा बुडू लागला आहे.'

या वाक्यावर लाल शाईची आडवी रेघ होती. शेजारी शेरा: 'चूक. २२ डिसेंबरपर्यंत दिवस लहान होत जातो. नीट पाहा.'

पुढची पाने मी उलटली. १७ तारखेला ६.०५, १८ला ६.०४, २०ला ६.०३, २१ला ६.०२, आणि २२ डिसेंबरला बरोबर ६.००. तेथून पुन्हा हळूहळू वाढ. ४ जानेवारीला ६.०७. इतकी सुबक घट आणि वाढ मला निसर्गात फारशी भेटलेली नाही. त्या मुलीची पाळी १९ आणि २३ डिसेंबरला होती. त्या दोन्ही दिवशी तिने फक्त 'पाहिले नाही' असे लिहिले होते.

आता आधी हा सूर्यास्ताचा प्रश्न सोडवू, कारण त्यात त्या मुलीचेच बरोबर होते.

२२ डिसेंबरच्या सुमारास आपल्याकडे दिवस सर्वांत लहान असतो, हे पाठ्यपुस्तकातले विधान अगदी खरे आहे. पण 'दिवस लहान' याचा अर्थ सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ कमी. त्यावरून 'म्हणून त्या दिवशी सूर्यास्त सर्वांत लवकर' असे आपण मनातल्या मनात जोडून टाकतो, आणि चूक या 'म्हणून'मध्ये आहे. दिवसाचे मधले टोक, म्हणजे सूर्य डोक्यावर जास्तीत जास्त उंच येतो ती माध्यान्हाची वेळ, घड्याळात रोज एकाच ठिकाणी राहिली असती, तर हा 'म्हणून' बरोबर ठरला असता. पण ती तशी राहत नाही.

एखादी पट्टी टेबलावर ठेवली आहे असे समजा. पट्टीचे डावे टोक सूर्योदय, उजवे टोक सूर्यास्त, मध्यबिंदू माध्यान्ह. २४ नोव्हेंबरपासून २२ डिसेंबरपर्यंत रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ही पट्टी सुमारे साडेआठ मिनिटांनी आखूड होते. म्हणजे दोन्ही टोके सव्वाचार-सव्वाचार मिनिटे आत येतात. पण याच चार आठवड्यांत अख्खी पट्टी उजवीकडे, म्हणजे उशिराच्या बाजूला, पावणेबारा मिनिटे सरकते. माध्यान्ह १२.२४ला होत होता, तो १२.३६च्या जवळ जातो. उजव्या टोकाचे काय होईल? आखूड होण्याने ते सव्वाचार मिनिटे मागे आले आणि सरकण्याने पावणेबारा मिनिटे पुढे गेले. हिशेब करा: सूर्यास्त साडेसात मिनिटे उशिरा. डाव्या टोकाला दोन्ही परिणाम एकाच दिशेने लागतात, म्हणून सूर्योदय मात्र सोळा मिनिटे उशिरा होतो, आणि तो पुढेही, जानेवारीच्या मध्यापर्यंत, उशिराच होत राहतो. कोकणात आणि पुण्या-मुंबईकडे सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या आसपास आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला असतो. सूर्योदय-सूर्यास्त छापलेली कोणतीही दिनदर्शिका उघडून हे ताडून पाहता येईल. ज्या वर्गात हा शेरा मारला गेला त्याच वर्गाच्या भिंतीवरही तशी एक दिनदर्शिका होती.

पट्टी सरकते का? पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी पूर्ण झाली, तरी सूर्य पुन्हा माथ्यावर आलेला नसतो. मधल्या काळात पृथ्वी आपल्या कक्षेत थोडी पुढे गेलेली असते, म्हणून तिला थोडेसे आणखी वळावे लागते. हे 'थोडेसे' रोज सारखे नसते. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि त्या काळात ती कक्षेत अधिक वेगाने धावते, म्हणून अधिक वळावे लागते. शिवाय पृथ्वीचा अक्ष कललेला असल्याने, डिसेंबर आणि जूनमध्ये सूर्याची ताऱ्यांमधली सरक विषुववृत्ताला समांतर होते आणि तिचा पुरता परिणाम माध्यान्हावर पडतो. डिसेंबरात ही दोन्ही कारणे एकत्र येतात. त्यामुळे एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंतचा काळ २४ तासांपेक्षा सुमारे अर्ध्या मिनिटाने जास्त भरतो. आपले घड्याळ मात्र २४ तासांचेच. फरक रोज साठत जातो.

लंडनसारख्या उत्तरेकडच्या ठिकाणी हिवाळ्यात दिवस फार झपाट्याने आखूड होतो, तेथे सरकण्याचा परिणाम पुष्कळसा झाकला जातो आणि सर्वांत लवकरचा सूर्यास्त १२ डिसेंबरच्या सुमारास येतो. आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत, आपल्याकडे दिवसाची लांबी सावकाश बदलते, म्हणून सरकणे वरचढ ठरते. म्हणजे ही गोष्ट साध्या मनगटी घड्याळाने पकडायला कोकणचा किनारा लंडनपेक्षा अधिक सोयीचा आहे. आणि ज्यांना समुद्र नाही त्यांनी शाळेच्या मैदानात एक सरळ काठी रोवावी आणि सर्वांत आखूड सावलीची वेळ नोव्हेंबरअखेर आणि पुन्हा नाताळच्या सुट्टीआधी पाहावी. बारा मिनिटांचा फरक लपत नाही.

५ जानेवारीच्या संध्याकाळी आम्ही सारे पुळणीवर गेलो. सरही आले. माझ्या मोबाइलमधली वेळ नेटवर्कवरून येते, त्यामुळे ती भरवशाची. सूर्य बुडाला तेव्हा ६.१६ झाले होते. त्या मुलीच्या घड्याळात ६.१७, तिचे घड्याळ एक मिनिट पुढे होते. वहीत आदल्या दिवशीची वेळ ६.०७ होती. एका दिवसात सूर्यास्त नऊ मिनिटांनी पुढे गेला होता!

कोणी काही बोलले नाही. नंतर परत येताना ती मुलगी माझ्याशेजारून चालत होती. १९ आणि २३ तारखेला खरेच पाहिले नव्हते का, असे मी विचारले. ती म्हणाली, "बघितलं होतं मॅडम. पण वहीत लिहिण्यासारखं नव्हतं ते." तिने ते गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले होते: ६.०८ आणि ६.१०. घड्याळाचे एक मिनिट वजा केले, तर दोन्ही वेळा गणिताने येणाऱ्या वेळांशी एका मिनिटाच्या आत जुळतात.

या प्रसंगात शिक्षकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पाठ्यपुस्तक हाताशी असलेल्या कोणीही तोच शेरा मारला असता. शाळेत असताना लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण काढायला सांगत. आमच्या वर्गात सर्वांचे उत्तर ९८० येई. दोऱ्याला गाठ पडलेली असो, विरामघड्याळ अडकत असो, उत्तर ९८०. मीही ९८० आणलेले आहेत. उत्तर आधी ठाऊक असले आणि गुण त्या उत्तराला असले की हात आपोआप तिकडे वळतो. त्या चार मुलांतल्या तिघांनी खोटे लिहिले ते फसवण्यासाठी नव्हे. सरांनी 'नीट पाहा' म्हटले होते, आणि नीट पाहणे म्हणजे सरांना हवे ते दिसणे, असा अर्थ आपल्या शाळांनी त्यांना आधीच शिकवून ठेवला आहे. सामायिक वहीचा खरा धोका हाच आहे. एकट्याच्या वहीत एकाचीच नोंद बिघडली असती. येथे एका शेऱ्याने पुढच्या तीन आठवड्यांच्या, दुसऱ्यांच्या नोंदी बिघडवल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा होती. सरांनी दोन तासिका मोकळ्या दिल्या. त्याआधी त्यांनी एक गोष्ट केली, जी मी सुचवली नव्हती. त्यांनी वही उघडली आणि आपल्या लाल शेऱ्याखाली, मुले वापरतात त्याच निळ्या पेनाने लिहिले: 'माझा शेरा चुकला. १५ डिसेंबरची नोंद बरोबर आहे.' खाली नाव आणि तारीख. लाल रेघ तशीच राहू दिली. पुढच्या चर्चेत मुले जे मोकळेपणाने बोलली ते या एका ओळीमुळे, असे मला वाटते.

चर्चा नियमांची होती. नियम आम्ही आयते द्यायचे नाहीत असे ठरवले होते. वहीतील एकेक पान काढायचे आणि 'या पानावर आपण विश्वास ठेवू का? का?' एवढेच विचारायचे.

पहिलाच नियम मुलांनी ५ डिसेंबरच्या पानावरून काढला. त्या दिवशी सूर्यास्ताची वेळ ६.०३ अशी लिहिली होती. वेळ अगदी बरोबर वाटावी अशी. पण त्याच पानावर दुसऱ्या एका मुलाची नोंद होती: 'कालपासून पाऊस. ढग काळे. होड्या वर ओढून ठेवल्या आहेत.' ओखी वादळ अरबी समुद्रात वर सरकत होते ते हे दोन दिवस, ४ आणि ५ डिसेंबर २०१७. सूर्य दिसणे शक्यच नव्हते. ज्याने ६.०३ लिहिले तो मुलगा हसत कबूल झाला: त्याची पाळी होती आणि रोज नोंद हवीच असा नियम होता, म्हणून आदल्या नोंदी पाहून त्याने अंदाजे भरले. म्हणजे सक्तीच्या नियमानेच खोटी नोंद जन्माला घातली. तो नियम तेथेच रद्द झाला. त्याऐवजी ठरले, की पाळी असेल त्याने काहीतरी लिहायचेच, पण 'ढग होते, दिसला नाही' किंवा 'जायला विसरलो' हीसुद्धा पूर्ण नोंद समजायची. रिकामी जागा रिकामीच राहू द्यायची. सोमवारी बसून रविवारचे भरायचे नाही.

या पानाने आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला सामायिक वहीच्या बाजूने सर्वांत जोरदार वाटते. ती खोटी नोंद कोणी मोठ्या माणसाने पकडली नाही. शेजारच्या, वेगळ्याच हेतूने लिहिलेल्या नोंदीने पकडली. पावसाबद्दल लिहिणाऱ्या मुलाला सूर्यास्ताशी काही देणेघेणे नव्हते. अनेक हातांनी लिहिलेली वही अशी स्वतःच स्वतःला तपासते. मात्र त्यासाठी प्रत्येक नोंदीवर तारीख, वेळ, ठिकाण आणि नाव असावे लागते. नाव कशाला, असे एकाने विचारले. चूक झाली तर शिक्षा करायला, असे त्याला वाटले होते. खरे कारण वेगळे आहे: नाव असले तर जाऊन विचारता येते. तू कोठे उभा होतास? घड्याळ कोणते होते?

पाहिलेले आणि वाटलेले वेगळे ठेवण्यावर बराच वेळ गेला. मुलांना हा फरक सांगून कळत नाही, वाक्ये घेऊन कळतो. 'कावळा भुकेला होता' ही नोंद की अनुमान? 'कावळ्याने तीन वेळा चोच मारली आणि उडाला' ही नोंद. 'सूर्य उशिरा बुडू लागला आहे' यावर तर भांडणच झाले. शेवटी डाव्या पानावर पाहिलेले आणि उजव्या पानावर वाटलेले, असे ठरले. उजवे पान कमी दर्जाचे नाही, हे मला दोनदा सांगावे लागले. पुढचा प्रयोग तेथूनच निघतो.

खोडायचे नाही, हा नियम मी आग्रहाने मांडला आणि त्याला माझे कारण होते. डॉक्टरेटसाठी काम करताना पहिल्या वर्षी मी मोजमापे सुट्या कागदांवर घेई आणि रात्री वहीत स्वच्छ अक्षरात उतरवून कागद टाकून देई. उतरवताना 'स्पष्टपणे चुकलेले' आकडे गाळत असे. आठ महिन्यांनी लक्षात आले, की ते चुकलेले आकडे सगळे दुपारचे होते. प्रयोगशाळेतील तापमान दुपारी वाढत होते. पण किती गाळले, कोणत्या दिवशीचे गाळले, हे सांगायला काहीच उरले नव्हते. सारे पुन्हा करावे लागले. तेव्हापासून पानांना क्रमांक घातलेली बांधीव वही, शाईचे पेन, आणि चूक दुरुस्त करायची तर एकच रेघ, खालचे अक्षर वाचता येईल अशी. शेजारी तारीख. वर्गाच्या वहीतही हाच नियम झाला. व्हाइटनर बाद. गंमत अशी, की सरांच्या लाल रेघेनेही नकळत हा नियम पाळला होता. खालचे वाक्य वाचता येत होते म्हणूनच तर मला संशय आला.

मग तपासण्याचे काय? भाषा, शुद्धलेखन, अक्षर यांसाठी मुलांच्या दुसऱ्या वह्या आहेत; या वहीत ऱ्हस्व-दीर्घाला हात लावायचा नाही, असे सरांनी आपणहून सुचवले. नोंदीबद्दल शंका असेल तर ती कोणीही, सरांनीसुद्धा, प्रश्न म्हणून खाली लिहायची, नावासह. 'चूक' हा शब्द लिहायचा नाही, 'कशावरून?' किंवा 'पुन्हा कधी पाहता येईल?' असे लिहायचे. लंडनच्या रॉयल सोसायटीने सतराव्या शतकात एक लॅटिन बोधवाक्य घेतले, त्याचा आशय असा की कोणाच्याही नुसत्या शब्दावर विसंबायचे नाही. 'कशावरून' या आपल्या एका शब्दात तेच आले.

हे सर्व नियम निसर्गाबद्दलच्या नोंदींना पुरतात. माणसांबद्दलच्या नोंदी आल्या की पुरत नाहीत. डिसेंबरातच एका गटाने, कोणाच्या घरी कोणत्या विहिरीचे पाणी पितात आणि ते गाळतात की उकळतात, याची घरवार यादी वहीत लिहिली होती. हेतू उत्तम, नोंद खरी, नावे-तारखा सगळे जागच्या जागी. आणि त्या यादीवरून एका मुलाला महिनाभर वर्गात चिडवले जात होते. तो त्या दिवशी बोलला नाही. त्याच्या शेजारच्याने सांगितले. येथे 'खोडायचे नाही' हा नियम आणि त्या मुलाची बाजू एकमेकांसमोर उभी राहिली. मला चटकन उत्तर सुचले नाही, हे कबूल करते. एका मुलीने तोडगा काढला: यादीवर कोरा कागद चिकटवायचा आणि वर लिहायचे की २३ घरांची माहिती येथे होती, ती का झाकली, कोणी ठरवले. आकडे राहिले, घरे गेली. पुढचा नियम त्यातून आला. दुसऱ्याच्या घराबद्दल, कुटुंबाबद्दल, शरीराबद्दल काहीही लिहायचे तर त्याला विचारून, आणि तो नंतर 'नको' म्हणाला तरी झाकायचे. कारण विचारायचे नाही. वहीच्या पानाचा फोटो काढून बाहेर पाठवायचा असेल तर वर्गाला विचारल्याशिवाय नाही.

हा शेवटचा भाग काहींना अति वाटेल. म्हणून फ्रान्समधली एक जुनी हकिगत सांगते. सेलेस्टँ फ्रेने हा पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेला एक खेडेगावातला प्राथमिक शिक्षक. बार-स्युर-लू या गावच्या शाळेत १९२४ साली त्याने एक लहानसे छपाईयंत्र आणले. मुले जे पाहत, जे जगत, ते लिहीत. कोणता मजकूर छापायचा ते वर्ग मत देऊन ठरवी. मुलेच खिळे जुळवून तो छापत आणि दूरच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेशी त्याची देवाणघेवाण करीत. पुढे त्याच्या पद्धतीच्या शाळांत एक भित्तिपत्रकही असे. त्यावर तक्रार, कौतुक आणि मागणी यांचे वेगवेगळे रकाने असत, कोणीही लिहावे, मात्र खाली सही हवी. आठवड्याच्या सभेत ते सर्वांसमोर वाचले जाई. निनावी तक्रारीला जागा नव्हती. इतकी विचारपूर्वक घडवलेली व्यवस्था. तरीही १९३२च्या अखेरीस, तो सँ-पोल या गावी शिकवत असताना, एका मुलाने लिहिलेल्या स्वप्नाचा छापील मजकूर विरोधकांच्या हाती लागला. त्या स्वप्नात मुले गावच्या महापौराविरुद्ध उठतात. तो मजकूर गावाच्या भिंतींवर लागला, शिक्षक मुलांना बिघडवतो असा गदारोळ झाला, आणि अखेर फ्रेनेला सरकारी शाळा सोडावी लागली. १९३५मध्ये त्याने वाँस येथे स्वतःची शाळा उघडली. वर्गात वाचताना मुलाचे स्वप्न हे स्वप्नच होते. भिंतीवर लागल्यावर ते पुरावा झाले. लिहिणाऱ्याने कोणासाठी लिहिले होते हे विसरून ते दुसरीकडे नेले की असे होते, आणि आज ते नेण्यास एक मिनिटही लागत नाही.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा माध्यमिक शाळांत सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुले चार-चारांच्या गटात प्रयोग करीत आणि सर्व गटांचे आकडे फळ्यावर एकत्र मांडून त्यांतल्या फरकांवर चर्चा होई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही वैज्ञानिक सुरुवातीच्या प्रशिक्षणात होते. हा कार्यक्रम २००२मध्ये शासनाने बंद केला. त्यातली एक युक्ती मात्र कोणालाही उचलता येईल: मुले 'सवालीराम' या काल्पनिक व्यक्तीला पत्र लिहून प्रश्न विचारीत आणि उत्तर त्या नावाने येई. शिक्षकाला विचारायला लाज वाटते ते सवालीरामला विचारता येते. आमच्या वहीच्या उजव्या पानाने थोडेफार तेच काम केले.

ज्यांना अशी वही सुरू करायची आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. वही एकच असावी, गटागटांच्या वेगळ्या नकोत. शेजारच्या नोंदी दिसणे हाच तिचा फायदा. पानांना आधी क्रमांक घालावेत. ती कुलुपात ठेवू नये. आठवड्यातून एक तासिका केवळ वाचनासाठी हवी; कोणी वाचतच नाही असे दिसले की मुले महिन्याभरात लिहिणे सोडतात. वाचन मुलांनी करावे आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न पुढच्या आठवड्यासाठी निवडावा. मोजण्याच्या साधनाची चूक पहिल्याच पानावर लिहून ठेवावी: कोणाचे घड्याळ किती पुढे, कोणाची पट्टी घासलेली. आणि गुण? गुण देऊ नयेत. वरिष्ठांना दाखवण्यासाठी नोंदींची संख्या हवी असेल तर ती मोजून द्यावी, पण मुलांना सांगू नये.

कमी बोलणारी मुले या वहीत आपोआप लिहू लागतात असे मला वाटत होते. तसे झाले नाही. सुरुवातीला तीच सहा-सात मुले लिहीत राहिली, इतरांनी चित्रे काढली. सरांनी एक चांगले केले: चित्राला आणि नुसत्या आकड्यालाही नोंद मानले. मासे विकणाऱ्या एका आजीकडून ऐकून तिच्या नातवाने माशांची स्थानिक नावे चित्रांसह लिहिली, ती आता वहीतील सर्वांत जास्त चाळलेली पाने आहेत.

शाळेत आज अशा काही वह्या जमल्या आहेत. दरवर्षी आठवीचा नवा वर्ग आधीचे नियम वाचतो, हवे तर बदलतो आणि बदलाचे कारण लिहितो. डिसेंबर २०१८मध्ये पुढच्या वर्गाने सूर्यास्त पुन्हा घेतला. २२ तारखेची वेळ ६.०८ आहे, त्याखाली कोणीतरी 'कशावरून?' विचारले आहे आणि उत्तरात घड्याळ मोबाइलशी केव्हा जुळवले ते दिले आहे. मार्च २०२०च्या मध्याला नोंदी एकाएकी थांबतात. पुढे शाळा उघडल्यावर मधल्या कोऱ्या जागेत एका मुलाने लिहिले आहे: 'शाळा बंद होती. वही कपाटात होती. मी घरून सूर्य पाहत होतो पण लिहून ठेवले नाही.' खाली नाव आणि तारीख आहे.